मंजूचा जबाब

फुजैरा
२ एप्रिल २०२३

ती. मुरलीदादा यास,
मंजूचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर तू चार शब्दांच्या पुढे जात नाहीस, म्हणून शहाण्या बहिणीसारखी लांबलचक ई-मेल लिहिते आहे. वहिनीला वाचून दाखव. नाहीतर ती म्हणेल, बहीणभावांची गुपितं चालली आहेत.

इथे रमजान चालू आहे. दुपारी कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, चिटपाखरू नसतं. समुद्रात नुसते नांगर टाकलेले टँकर. शैलेंद्रचं तेलाच्या टर्मिनलवरचं काम मात्र तसंच, सकाळी सहाला गाडी येते.

बातमी चांगली नाही. तन्मयचे अमेरिकेच्या कॉलेजांचे निकाल लागले. नऊ ठिकाणी अर्ज केले होते, सहा ठिकाणी नकार, दोन ठिकाणी वेटलिस्ट, आणि एक कॉलेज घेतंय, पण ते त्याला नको आहे. ज्याच्यासाठी तो चार वर्षं झटला तिथला नकार आहे. दादा, त्याचे सॅट परीक्षेचे मार्क सोळाशेपैकी पंधराशे चाळीस आहेत. आणि त्याच कॉलेजात आयझायाला प्रवेश मिळाला, चौदाशे सत्तरवर.

आयझाया तुला आठवत असेल, मागच्या वर्षी आम्ही पाठवलेल्या फोटोत तन्मयच्या शेजारी उभा होता तो उंच मुलगा. कृष्णवर्णीय अमेरिकन. त्याची आई लॉरेटा इथल्या मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. नववीपासून दोघं एका बाकावर. माझ्या हातची भरली वांगी तो तन्मयपेक्षा जास्त खातो. तन्मय ह्यूस्टनला जन्मला, म्हणून तोही अमेरिकन नागरिक. दोघांनी एकच फॉर्म भरला. वंशाच्या रकान्यात एकानं एशियन लिहिलं, एकानं ब्लॅक.

शैलेंद्रनं ते धरून ठेवलंय. रोज जेवताना तोच विषय. आपल्या मुलांना शंभर मार्क जास्त लागतात, कारण आपण शिकतो. आणि त्यांना कातडीवर मिळतं. आईला प्रोफेसरचा पगार, कॉलेजचा फ्लॅट, ती कसली गरीब. तिकडच्या सुप्रीम कोर्टात आता या वंशाच्या रकान्याविरुद्ध केस आहे, ती जिंकणार आणि हे सगळं खलास होणार, असं तो तन्मयला सांगतो. परवा मी म्हटलं, पुरे, पोराला जेवू दे. तर त्यानं ताट उचलून भिंतीवर मारलं. आमटी तन्मयच्या शर्टावर उडाली. तन्मय उठलाही नाही. तसाच बसून जेवला. ते मला ताटापेक्षा जास्त लागलं.

तन्मयच्या बाबतीत काय करावं, कळव. तुझ्या सल्ल्याची वाट पाहते. वहिनीला नमस्कार, इराला पापा. आठवण काढत जा, म्हणजे मी आहे असं वाटतं.

तुझी,
मंजू

परभणी
९ एप्रिल २०२३

चि. मंजूस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझी मेल वहिनीला वाचून दाखवली. भरल्या वांग्यांच्या ओळीवर ती म्हणाली, मंजूला वांगी येत नव्हती, लग्नाआधी मीच शिकवली. तेव्हा त्या मुलाच्या पोटात आमचाही वाटा आहे.

इथे चौदा तारखेच्या जयंतीची तयारी चालू आहे. मला मिरवणुकीच्या समितीत घेतलंय. पॅथॉलॉजीवाल्याला गर्दीत काय काम, म्हटलं, तर म्हणाले, डॉक्टर, तुम्हाला डीजेचा त्रास होत नाही, तुम्हीच पुढे चला.

मंजू, तू विचारलंस म्हणून लिहितो. तन्मयला वाईट वाटणारच. चार वर्षं एका गोष्टीकडे बघत चाललेलं पोर आहे. मी जेवढं वाचलं त्यावरून तिथे आपल्यासारख्या राखीव जागा नसतात. अर्ज वाचताना वंशाकडेही बघतात, इतकंच. ते बरोबर की चूक, मला सांगता येणार नाही. प्रोफेसरच्या मुलाला ती मदत का, हा प्रश्न खोटा नाही. माझ्या इरालाही वर्गात विचारतात, बाप डॉक्टर, मग तुला कशाला. ती घरी येऊन मला विचारते. मी तिला अर्धं उत्तर देतो, कारण माझ्याकडे अर्धंच आहे.

पण एक विचारतो. शैलेंद्रराव स्वतः राखीव जागेवर इंजिनिअर झाले. मी राखीव जागेवर डॉक्टर झालो. हे तन्मयला ठाऊक आहे का? तुम्ही तिकडे गेल्यापासून तुझ्या पत्रातला जयभीम गेला, त्याबद्दल मी कधी बोललो नाही. परक्या देशात आडनावावरून कुणी काही ओळखत नाही, त्यात सुख आहे, ते मला कळतं. पण पोराला आपण कोण ते माहीत नसेल, तर ताटावर बाप जे बोलतो ते तो खरं धरेल.

उन्हात फिरू नकोस. पोराला जवळ घेऊन बस. मोठ्या भावाचं एवढं ऐक, बाकी कधी ऐकलं नाहीस.

तुझा,
दादा

फुजैरा
२५ एप्रिल २०२३

ती. दादास,
सा. न.

तुझी मेल मी वाचली आणि ठरवलं, ईद झाली की तन्मयला सगळं सांगायचं. उशीर झाला.

अठरा तारखेला दुपारी एक वाजता मी त्याला आणायला शाळेत गेले. रमजानमुळे शाळा लवकर सुटते. मागच्या पार्किंगमध्ये एसी लावून बसले होते. समोर, आपल्या घराचं अंगण जेवढं होतं तेवढ्या अंतरावर, तन्मय आणि आयझाया बोलत उभे होते. काच बंद होती, शब्द ऐकू येत नव्हते. आयझायानं तन्मयच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर कळलं, तो म्हणत होता की वेटलिस्टमधून अजून चान्स आहे.

तन्मयच्या हातात ती स्टीलची मोठी बाटली होती, भरलेली. ती त्यानं फिरवली आणि आयझायाच्या जबड्यावर मारली. आवाज मला बंद काचेतून आला. आयझाया बसला, मग कलंडला. तन्मयनं दुसऱ्यांदा मारलं ते डोळ्याच्या खाली. मग बाटली टाकून लाथा. पोटात, छातीत, तोंडावर. आयझायानं हात फक्त डोक्यावर धरले होते, दादा. त्यानं एकदाही उलट हात उचलला नाही. मी दार उघडायला गेले तर पट्टा निघेना. दार उघडलं तेव्हा तन्मयचं ओरडणं ऐकू आलं. इंग्रजीत, यू टुक माय सीट, आणि मग मराठीत, फुकट्या, फुकट्या. आयझायाला मराठी कळत नाही. तो शब्द आमच्या जेवणाच्या टेबलावरचा आहे.

गेटवरचा गार्ड रिझवान धावत आला आणि त्यानं तन्मयला कमरेत धरून मागे ओढलं. तोपर्यंत जमिनीवर दात पडलेले होते. मी माझी ओढणी आयझायाच्या तोंडाला लावली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आंटी म्हणाला, ते आंटी नीट निघालं नाही.

जबडा दोन ठिकाणी मोडलाय. डोळ्याखालचं हाड आत गेलंय, ऑपरेशन झालं. तन्मयला तिथूनच पोलिसांनी नेलं. अठरा पूर्ण होऊन दोन महिने झालेत, म्हणजे कायद्यानं मोठा. ईदच्या सुट्टीत तो कोठडीतच होता.

आता खरं संकट ऐक. वकील म्हणतात, जखमी पक्षानं माफीपत्र दिलं नाही तर तुरुंग आणि मग देशाबाहेर. शैलेंद्रच्या ऑफिसचा पीआरओ, जो सरकारी कागदपत्रं बघतो, त्यानं दुसरी वाट काढून दिलीय. आपण उलट तक्रार करायची, की आयझायानं आधी ढकललं, आणि रोज्यांच्या महिन्यात धर्माची टिंगल केली. इथे तो फार मोठा गुन्हा आहे. मग लॉरेटा घाबरून स्वतःच तडजोडीला येईल, असं त्यांचं गणित. तिची नोकरी जाईल, पोरगा जबडा बांधलेला असताना आत जाईल, याबद्दल कुणी बोलत नाही. मागच्या पार्किंगवर कॅमेरा नाही. रिझवान आला तेव्हा मारामारी अर्धी झाली होती. सुरुवात पाहिलेलं मोठं माणूस मी एकटी. म्हणजे जबाब माझा लागणार. तीन मेला.

तन्मय माझा पोटचा आहे. काल भेटू दिलं तेव्हा त्याच्या हातांवर अजून खपल्या होत्या, नखात काळं होतं. त्यानं विचारलं, ममा, यू विल फिक्स इट, राइट? मी मान हलवली. कशाला हलवली, मला कळत नाही.

लवकर लिही. माझ्यासाठी तेवढं कर.

तुझी,
मंजू

परभणी
२६ एप्रिल २०२३

चि. मंजूस,
जयभीम.

आज लॅब बंद ठेवली आणि हे लिहायला बसलो. हे मी वहिनीला लग्नानंतर आठ वर्षांनी सांगितलं. इराला अजून सांगितलेलं नाही. तुला तर आजवर स्कूटरचा अपघातच सांगितला.

माझे कान स्कूटरवरून पडून गेले नाहीत. नव्वद सालचा सप्टेंबर होता, मंडलचं वर्ष. मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शहरात रोज मोर्चे, बसगाड्या जाळत होते. होस्टेलच्या फळ्यावर कुणीतरी आमची नावं, आमचे मार्क आणि आमच्या जाती लिहिल्या. माझ्या खोलीत नंदन नावाचा मुलगा राहायचा. चांगला मुलगा. माझ्या तापात त्यानं रात्र जागवली होती. त्याच्या मामेभावाचा प्रवेश दोन मार्कांनी हुकला होता.

त्या दिवशी दुपारी मी आंघोळीला गेलो आणि मागून चौघं आले. दाराला कडी लावली. दोघांनी हात धरले, एकानं लोखंडी बादली माझ्या डोक्यावर पालथी घातली. नंदननं क्रिकेटच्या स्टंपनं ती बादली बडवली. आत आवाज किती होतो ते सांगता येत नाही. मी ओरडत होतो ते मला ऐकू येत नव्हतं. तो दर फटक्याला म्हणत होता, आमची जागा, आमची जागा. हे मी सुरुवातीला ऐकलं. मग काहीच ऐकलं नाही. बादली काढली तेव्हा दोन्ही कानांतून रक्त येत होतं आणि दात ओठातून आरपार गेला होता. त्यांनी नळ सोडला, फरशी धुतली आणि गेले.

मला शल्यचिकित्सक व्हायचं होतं. स्टेथोस्कोपमधून हृदय नीट ऐकू येईना, म्हणून मी काचेवरचं रक्त बघणारा डॉक्टर झालो.

चौकशी झाली. मेसचा आचारी न्हाणीघराच्या दाराशी उभा होता, दाराच्या फटीतून त्यानं सगळं पाहिलं होतं. बादली काढल्यावर आमचे डोळे भिडले होते. त्यानं लिहून दिलं की तो त्या वेळी भाजी आणायला गेला होता. वॉर्डननं लिहिलं की मी जिन्यावरून पडलो. आणि आपल्या बाबांनी त्याखाली सही केली, कारण त्यांना सांगितलं होतं की प्रकरण वाढवलं तर सीट जाईल. बाबांनी मला घरी सांगायला स्कूटरची गोष्ट शिकवली आणि वाटेत एसटीत रडले.

मंजू, नंदन आता मोठा डॉक्टर आहे. बॅचच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग पाठवतो. मला त्याचा राग येतो, पण त्याचा चेहरा मला आठवत नाही. आठवतो तो आचाऱ्याचा. गरीब माणूस होता, त्याची नोकरी होती, मुलं होती. त्याला मी दोष देत नाही. तरी तेहेतीस वर्षं तोच दिसतो.

तू तन्मयची आई आहेस. काय कर ते मी सांगणार नाही. सांगायचा अधिकार मला नाही, आणि तुझ्या जागी मी काय केलं असतं हेही मला ठाऊक नाही. तुला माहीत नसलेली गोष्ट तुझ्या हातात दिली, इतकंच. जे करशील त्यानंतरही हे घर तुझं आहे आणि तन्मयचंही.

दादा

अजमान
१६ जुलै २०२३

ती. दादास,
जयभीम.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. आता सुटलंय. मी पॉलिनकडे राहते. पॉलिन वसईची, इथल्या एका हॉटेलच्या ऑफिसात आहे. ह्यूस्टनहून आम्ही पहिल्यांदा इकडे आलो तेव्हाची माझी मैत्रीण. एका खोलीत दोघी आहोत, बरं चाललंय.

क्रमानं सांगते. तुझी मेल मी शैलेंद्रपुढे वाचली. मग म्हटलं, मी जे पाहिलं तेच सांगणार. तो आधी हसला. मग माझा हात धरून मुरगाळला आणि फ्रीजच्या दारावर दाबला, कट् असा आवाज येईपर्यंत. म्हणाला, मुलाला खाणारी आई. मग खाली बसला आणि ढसाढसा रडला. रडताना जे बोलला ते त्यानं आमच्या बावीस वर्षांच्या संसारात कधी सांगितलं नव्हतं. कॉलेजात त्याला चार वर्षं कोट्या, म्हणजे कोट्यातून आलेला, म्हणायचे. पहिल्या नोकरीत साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुला खरंच येतं की सरकारनं पास केलं. तो म्हणाला, मला वाटलं माझ्या मुलाला एकदा कुणी म्हणू नये की फुकट मिळालं. एकदा त्याला त्याच्या मार्कांवर मिळावं. दादा, त्या वेळी माझा हात इतका दुखत होता की मला त्याची दया आली नाही. आता थोडी येते. पण त्या घरी परत जाणार नाही.

तीन मेला प्रॉसिक्यूशनच्या ऑफिसात जबाब दिला. मी हिंदीत बोलले, दुभाषी अरबीत सांगत होता. आयझायानं हात उचलला नाही. त्यानं कुठल्याही धर्माबद्दल काही म्हटलं असेल असं मला वाटत नाही, कारण तो सांत्वन करत होता. माझ्या मुलानं बाटलीनं दोनदा मारलं आणि मग लाथा मारल्या. किती, असं विचारलं. मी म्हटलं, सात मी पाहिल्या. दुभाष्यानं थांबून मला पुन्हा विचारलं, तुम्ही आई ना? मी हो म्हटलं. उलट तक्रार तिथेच संपली.

मग मी लॉरेटाकडे गेले. माफीपत्र मागायला नाही गेले, असं म्हणवत नाही. आशा होतीच. तिनं दार उघडलं, आत घेतलं. आयझाया सोफ्यावर होता, जबडा तारेनं बांधलेला, स्ट्रॉनं सूप पीत होता. त्यानं माझ्याकडे पाहून मान फिरवली. लॉरेटा शांतपणे म्हणाली की तिनं माझा जबाब वाचला. माझ्यावर तिचा विश्वास आहे. आणि ती सही करणार नाही. तिनं मला दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या. पाणी दिलं. मी पाणी प्याले आणि निघाले.

तन्मयला चार महिने तुरुंग आणि मग देशाबाहेर, असा निकाल लागला. पहिल्या भेटीत त्यानं काचेपलीकडून फोन कानाला लावून मला एकच विचारलं, व्हाय. मी त्याला तुझी गोष्ट सांगितली, आपण कोण तेही, त्याचे बाबा कसे शिकले तेही. त्यानं मध्येच फोन ठेवला आणि आत निघून गेला. पुढच्या दोन भेटींना आला नाही.

एकोणतीस जूनला अमेरिकेतला तो निकाल लागला. प्रवेश देताना वंश बघायचा नाही, असं कोर्टानं सांगितलं. शैलेंद्र बातमीचा प्रिंटआउट घेऊन तुरुंगात गेला, की बघ, तू बरोबर होतास. हे मला तन्मयनंच सांगितलं, चौथ्या भेटीत. मी विचारलं, तू काय म्हणालास. तो म्हणाला, मी डॅडला विचारलं, आयझायाला आता चावून खाता येतं का. डॅडला माहीत नव्हतं.

मग त्यानं मला विचारलं, मामाला कुठल्या कानानं कमी ऐकू येतं. मी म्हटलं, दोन्ही. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा हळूच म्हणाला, ही वॉज ट्राइंग टु बी नाइस टु मी.

कोठडीतले दिवस धरून शिक्षा अठरा ऑगस्टला संपते, कागदपत्रं होऊन महिनाअखेर सुटेल. भारतात राहता येण्याचं ओसीआय कार्ड आहे, म्हणून भारताचं तिकीट काढता येईल असं वकील म्हणाले. त्याला तुझ्याकडे पाठवू का? नाही म्हणालास तरी माझी माया कमी होणार नाही. पण नाही म्हणू नकोस.

तुझी,
मंजू

परभणी
२१ ऑक्टोबर २०२३

चि. मंजूस,
सप्रेम जयभीम.

तुझ्या मनगटाचं वाचून वहिनीनं तेल पाठवलंय, पॉलिनबाईंच्या पत्त्यावर येईल. त्यांनाही आमचा नमस्कार सांग. न बघितलेल्या माणसाचे इतके उपकार आमच्यावर आहेत.

तन्मयला येऊन दीड महिना झाला. पहिले पंधरा दिवस तो माझ्याकडे बघत नव्हता. मी बोलायला लागलो की उठून जायचा. एकदा इरानं त्याला जेवताना विचारलं की तू खरंच मित्राला मारलंस का, तर त्यानं ताट सरकवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ओढून घेतलं. मग हो म्हणाला. मराठीत म्हणाला. त्या दिवशी मी इरालाही बादलीची गोष्ट सांगितली, दोघांसमोर. इरा चिडली, माझ्यावरच, की इतकी वर्षं का लपवलंत.  ऐकत असताना तन्मयचे हात टेबलाखाली होते.

आता तो सकाळी माझ्याबरोबर लॅबला येतो. नळ्यांना लेबल लावतो. अक्षर चांगलं आहे. पुढच्या वर्षी इथेच कॉलेजला जाईन म्हणतो. फॉर्मवर जातीचा रकाना असतो हे इरानं त्याला सांगितलं आणि दोघं त्यावर तासभर भांडली. लिहावं की नाही, घ्यावं की नाही. मी ऐकलं नाही असं दाखवलं. बहिऱ्या माणसाला तेवढी सोय असते.

लॉरेटाबाईंकडून तुला कळलं तसं, आयझाया एक सेमिस्टर उशिरा, जानेवारीत कॉलेजला जाणार आहे. तुझ्या मेलमध्ये ती ओळ होती. ती मी तन्मयला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यानं आयझायाला पत्र लिहिलं, हातानं, आणि इंग्रजी तपासून द्या म्हणून माझ्याकडे आणलं. माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा कच्चं आहे, हे त्यालाही ठाऊक आहे.

चार पानं होती. निकालाचा धक्का, बाबांचं बोलणं, आपल्या घराचा इतिहास, माझी बादली, सगळं त्यात होतं. आणि मला माफ कर, हे सहा वेळा. मी त्याला विचारलं की त्या मुलाचा जबडा बांधलेला होता तेव्हा तू त्याच्याकडून काही मागितलं असतंस का. तो नाही म्हणाला. मग आता मागू नको, मी म्हटलं. माझी बादलीही त्यातून काढ, तिनं त्याला काय करायचंय. तो रागावला. म्हणाला, मग लिहू तरी काय. मी म्हटलं, मला जर कधी नंदनचं पत्र आलं असतं, तर त्यात काय असावं असं वाटलं असतं ते सांगतो. दुपार, न्हाणीघर, बादली, स्टंप, मी मारलं. जिना नव्हता. मला तेहेतीस वर्षं तेवढंच कुणी लिहून दिलेलं नाही.

तो टेबलाशी परत बसला. संध्याकाळपर्यंत खोडत होता. शेवटी अर्धं पान उरलं. मराठीत सांगतो: अठरा एप्रिलला दुपारी एक वाजता शाळेच्या मागच्या पार्किंगमध्ये मी तुला स्टीलच्या बाटलीनं तोंडावर दोनदा मारलं आणि तू पडल्यावर लाथा मारल्या. तू मला ढकललं नव्हतंस. तू काहीही वाईट बोलला नव्हतास. तू मला धीर देत होतास. ती जागा तुझी होती. हे मी कुणापुढेही सांगेन, जेव्हा विचारतील तेव्हा. खाली सही, पूर्ण नाव, तारीख.

पत्र काल रजिस्टर पोस्टानं लॉरेटाबाईंच्या पत्त्यावर गेलं. पोहोचपावती मागवली नाही, त्याचीच इच्छा. पोस्टातून घरी येताना तो माझ्या पुढून चालत होता, मागे वळून म्हणाला, मामा, ही विल नॉट रिप्लाय. मला ते ऐकू आलं. मी म्हटलं, नाही देणार कदाचित.

तू दिवाळीत ये. आमचा जीव तुझ्यात आहे, तो तसाच राहील.

तुझा,
दादा